कांडीत नसलेला रंग मण्यावर कुठून येतो?

चांदीयुक्त काचेची कांडी पहिल्यांदा हातात घेतली की बहुतेकांचा हिरमोड होतो. छायाचित्रात त्याच काचेचा मणी मोरपिशी, जांभळा, मध्येच सोनेरी असा झळाळत असतो आणि हातातली कांडी मात्र मळकट तपकिरी नाहीतर गढूळ पिवळी. टॉर्चपाशी, म्हणजे काच वितळवणाऱ्या गॅसच्या ज्योतीपाशी बसून मणी केला की गोंधळ आणखी वाढतो. एकाच्या हातून झळझळीत मणी उतरतो, दुसऱ्याच्या मण्यावर रंगच चढत नाही, तिसऱ्याचा मणी राखेसारखा करडा पडतो. कांडी तीच, टॉर्चही तोच. शेवटी खापर कांडीवर फुटतं आणि या वेळचा माल खराब आला असं ठरतं.

दोष बहुधा मालात नसतो. या काचेचा रंग कांडीत तयार भरलेला नसतोच. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की मण्याच्या पृष्ठभागावर तो काही सेकंदांत घडतो. सगळ्यात मोठा घोळ होतो तो एका समजुतीमुळे, की जास्त तापवलं म्हणजे जास्त रंग येईल. उष्णता लागते, पण रंग घडवतात ते ज्योतीतले वायू. ही एक गोष्ट नीट समजली की पुढच्या बऱ्याचशा सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी लॅम्पवर्कबद्दल थोडं

टेबलावर बसवलेल्या टॉर्चच्या ज्योतीत काचेच्या कांड्या वितळवून वस्तू घडवायच्या, हे लॅम्पवर्क. टॉर्चला साधारणपणे प्रोपेन आणि ऑक्सिजन असे दोन वायू लागतात आणि दोन्हींच्या चाव्या वेगळ्या असतात. मणी करताना वितळलेली काच स्टीलच्या बारीक सळईवर गुंडाळतात. त्या सळईला मँड्रेल म्हणतात. काच तिला कायमची चिकटू नये म्हणून आधी मातीसारखा एक लेप लावून वाळवतात. मणी झाला की तो विजेच्या भट्टीत ठेवून सावकाश थंड करायचा, कारण एकदम थंड झालेल्या काचेत ताण राहतो आणि ती आज ना उद्या तडकते. या सावकाश थंड करण्याला अनीलिंग म्हणतात.

मण्यांसाठी बहुतेक जण जी मऊ काच वापरतात तिच्यावर १०४ हा आकडा असतो. तो काचेच्या प्रसरणाचा आहे. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की काचेची लांबी एक कोटी भागांत १०४ भागांनी वाढते. कठीण बोरोसिलिकेट काचेचा हाच आकडा ३३च्या आसपास असतो. म्हणून या दोन काचा एका मण्यात एकत्र नांदू शकत नाहीत. चांदीयुक्त कांड्या दोन्ही प्रकारांत मिळतात, तेव्हा आकडा पाहिल्याशिवाय कांडी उचलू नये. या लेखात मी १०४च्या मऊ काचेबद्दलच बोलणार आहे.

काचेत चांदी असते, मग ती दिसत का नाही?

चांदीची काच म्हटलं की आत चांदीची पूड कालवलेली असेल असं वाटतं. कांडीत तसं काही नसतं. मीठ पाण्यात विरघळलं की पाणी नितळच दिसतं, मीठ कुठेही गेलेलं नसलं तरी. चांदीचंही काचेत तसंच होतं. चांदीचा प्रत्येक अणू आपला एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो आणि काचेच्या जाळ्यात सुटा सुटा अडकलेला असतो. अशा विद्युतभारित अणूला आयन म्हणतात. चांदीच्या सुट्या आयनाला रंगही नसतो आणि धातूची चकाकीही नसते.

त्या आयनाला त्याचा इलेक्ट्रॉन परत मिळाला की तो पुन्हा धातूच्या चांदीचा अणू होतो. असा इलेक्ट्रॉन परत मिळण्याच्या क्रियेला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. काचकाम करणारे सगळे रिडक्शनच म्हणतात, म्हणून इथून पुढे मीही तोच शब्द वापरतो. धातू झालेला अणू काचेत पूर्वीसारखा सामावत नाही. तो सरकत सरकत दुसऱ्या तशाच अणूपाशी जातो आणि त्यांचे घोळके बनू लागतात. हे घोळके काही नॅनोमीटरपासून काही दहा नॅनोमीटरपर्यंत असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक कणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकत्र हेलकावे खातात आणि ठरावीक रंगाचा प्रकाश गिळून टाकतात. काचेतले चांदीचे बारीक गोल कण जांभळा-निळा प्रकाश शोषतात, त्यामुळे आरपार पाहिलं की काच पिवळी दिसते. कण मोठे झाले, त्यांचा आकार बदलला किंवा ते दाटीवाटीने बसले की रंगही बदलतो.

माणसाने हे वापरलं आधी आणि त्याला कळलं खूप नंतर. ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला लायकर्गस चषक नावाचा एक रोमन पेला आहे. समोरून उजेड पडला की तो हिरवट दिसतो आणि आत दिवा धरला की लालभडक. त्याच्या काचेत चांदी आणि सोन्याचे नॅनोकण आहेत, तेही अत्यल्प प्रमाणात. युरोपातल्या चर्चच्या रंगीत खिडक्यांवर चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पिवळा रंग चढवला गेला तो चांदीचाच. चांदीचं संयुग मातीत कालवून काचेवर लावायचं आणि भट्टीत तापवायचं. काचेतला सोडियम किंवा पोटॅशियम जागा सोडतो आणि तिथे चांदी शिरते. बारीक धातुकण रंग कसे देतात याचा शास्त्रीय अभ्यास मायकेल फॅरडेने सोन्याच्या द्रावणांवर केला तो १८५७ साली, आणि गुस्टाव मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं १९०८मध्ये. तोवर कारागिरांच्या कितीतरी पिढ्या नुसत्या नजरेने हे काम करत आल्या होत्या. आजच्या कांड्यांना सगळ्यात जवळचं नातं मला दिसतं ते ‘ऑरीन’ काचेचं. फ्रेडरिक कार्डरने अमेरिकेत कॉर्निंग इथल्या स्ट्यूबेन कारखान्यात १९०४ साली ती आणली. तिच्यातही काचेत चांदी विरघळवलेली असे आणि रिडक्शनने ती पृष्ठभागावर उमटवत.

ज्योत पोटभर आणि ज्योत अर्धपोटी

आता मुख्य मुद्दा. आयनाला इलेक्ट्रॉन परत देतं कोण? ज्योतीतला न जळलेला वायू.

प्रोपेनचा एक रेणू पुरता जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. तेवढे मिळाले की शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढंच उरतं. अशी ज्योत समतोल किंवा न्यूट्रल. ऑक्सिजन त्याहून जास्त असेल तर तो ज्योतीत शिल्लक राहतो. ती ऑक्सिडायझिंग ज्योत. ऑक्सिजन कमी पडला तर जळण अर्धवट होतं आणि ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन उरतात. हे दोन्ही वायू ऑक्सिजनला हपापलेले असतात. गरम काचेशी त्यांची गाठ पडली की ते पृष्ठभागातल्या चांदीच्या आयनांना धातू करून सोडतात. ही रिड्युसिंग ज्योत. हायड्रोजनचा रेणू इतका लहान असतो की तो काचेत थोडा आतही शिरतो. म्हणून ज्योतीत जास्त वेळ धरलं की परिणाम पृष्ठभागापुरता राहत नाही, खोल जातो.

घरच्या गॅसच्या शेगडीवर ही गोष्ट रोज दिसते. हवा नीट मिळाली की ज्योत निळी आणि भांड्याचं बूड स्वच्छ. हवेची वाट तुंबली की ज्योत पिवळी आणि बुडाला काजळी. पिवळेपणा येतो तो न जळलेल्या कार्बनच्या तापलेल्या कणांमुळे. टॉर्चवरही ज्योत अशीच वाचायची. तोंडापाशी निळे टोकदार शंकू आखूड आणि रेखीव असतील आणि ज्योत तीक्ष्ण सुसकारत असेल, तर ऑक्सिजन भरपूर आहे. शंकू लांबट होऊन त्यांची टोकं मऊ, पिवळसर दिसू लागली, ज्योत रुंद आणि जरा सुस्त झाली, आवाज खाली आला, की ती रिड्युसिंग झाली. मला आवाज डोळ्यांपेक्षा भरवशाचा वाटतो, कारण चष्मा घातल्यावर पिवळेपणाचा अंदाज चुकतो. लॅम्पवर्कचा डायडिमियम चष्मा ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा सोडियमचा पिवळा झगमगाट गाळतो. तो डोळ्यांवर हवाच, नाहीतर ज्योतीत काचच दिसत नाही. पण त्यातून दिसणारे रंग खरे मानू नयेत.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. एकाच ज्योतीत सगळीकडे वायू सारखे नसतात. टॉर्चच्या तोंडालगत जळण पुरं झालेलं नसतं, त्यामुळे समतोल ज्योतीतही तिथे काच धरली की नको असलेलं रिडक्शन होऊ शकतं. उलट ज्योतीच्या शेवटच्या शेंड्यात आजूबाजूची हवा मिसळते आणि रिड्युसिंग ज्योतसुद्धा तिथे पोटभर होते. म्हणून चाव्या एकाच ठेवून दोघांनी केलेले मणी वेगळे निघतात. एक जण तोंडाजवळ काम करतो, दुसरा बोटभर लांब.

टॉर्चपाशी नेमकं काय करायचं

पाया गडद काचेचा घ्या. काळी काच सगळ्यात सोपी. चमकेचा थर इतका पातळ असतो की खालची काच फिकट असली तर तिच्यातून परतणारा पांढरा उजेड चमकेला फिका पाडतो. गडद पायावर तो उजेड शोषला जातो आणि डोळ्यांपर्यंत पोचतो तो फक्त थराचा रंग.

त्यावर चांदीची काच चढवताना ज्योत ऑक्सिजनकडे झुकलेली ठेवा आणि तोंडापासून थोडं दूर काम करा. आकार द्यायचा, ठिपके बसवायचे, वितळवून सपाट करायचं, हे सगळं याच ज्योतीत उरका. या टप्प्यावर मणी रंगहीन, पारदर्शक किंवा फिकट दिसला तर घाबरायचं कारण नाही. चांदी विरघळलेलीच राहावी, हेच तर आपल्याला हवं आहे. घडवतानाच चमक येऊ लागली, तर ज्योतीत ऑक्सिजन कमी आहे किंवा तुम्ही टॉर्चला फार खेटून बसला आहात.

आकार पुरा झाला की मणी ज्योतीबाहेर काढा आणि फिरवत राहा. केशरी लाली हळूहळू उतरते. लाली पूर्ण गेली आणि काच हलायची थांबली की योग्य वेळ आली. पृष्ठभाग अजूनही गरम आहे, चांदीला हालचाल करता येईल एवढा, पण मऊ नाही. आणखी थांबलात तर मणी फार थंड होतो. मग चमक येत नाही आणि पुन्हा ज्योतीत नेताच तो तडकण्याची भीती असते.

मणी बाहेर असतानाच दुसऱ्या हाताने ऑक्सिजनची चावी थोडी कमी करा, किंवा प्रोपेन किंचित वाढवा. मी ऑक्सिजन कमी करणं पसंत करतो, कारण त्याने ज्योत मोठी आणि जास्त गरम न होता फक्त मऊ होते. ज्योत रिड्युसिंग झाली पाहिजे, पण काजळी धरू नये. मण्यावर काळे डाग बसू लागले तर ऑक्सिजन फारच कमी झाला आहे. मग ज्योतीच्या मधल्या भागात, तोंडाजवळही नाही आणि शेंड्यालाही नाही, मणी एकसारखा फिरवत दोन-तीन सेकंद न्या आणि बाहेर काढा.

आता बघायचं. ज्योतीत असताना मण्यावर फारसं काही कळत नाही, पृष्ठभाग जरा मंद दिसतो एवढंच. बाहेर आल्यावर क्षणभरात मण्याच्या एका कडेला निळसर झाक उमटते आणि मणी फिरवला की ती सोनेरीकडे सरकते. चष्म्याच्या वरून पाहा, म्हणजे खरा रंग कळेल. झाक कमी वाटली तर आणखी दोन सेकंद आत, पुन्हा बाहेर, पुन्हा पाहणं. एका दमात दहा सेकंद धरून बसण्यापेक्षा अशा दोन-दोन सेकंदांच्या फेऱ्या कितीतरी चांगल्या, कारण हवी ती छटा दिसताक्षणी थांबता येतं. सुरुवातीला बहुतेकांचा हात इथेच सैल सुटतो. झळाळी दिसली की आणखी थोडी हवीशी वाटते आणि पुढच्याच फेरीत ती करडी पडते.

एवढ्या पातळ थरातून इतके रंग निघतात कसे?

यात दोन गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. एक म्हणजे वर सांगितलेल्या नॅनोकणांचा स्वतःचा रंग. दुसरी थराच्या जाडीची. चांदीच्या कणांनी भरलेल्या थराच्या वरच्या बाजूने थोडा प्रकाश परततो, थोडा आत जाऊन खालच्या बाजूने परततो. या दोन लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग उठावदार होतात, काही पुसले जातात. थराची जाडी जराशी बदलली किंवा पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. म्हणूनच मणी हातात फिरवला की निळ्याचा जांभळा होताना दिसतो. रिडक्शन वाढत गेलं, कण दाट झाले की रंग मागे पडतो आणि चांदीचा आरसा पुढे येतो. काहींना हा आरसा हवाच असतो. माझ्या मते काचेची खरी शोभा त्याच्या एक पायरी आधी असते.

फार झालं तर मणी फुकट गेला का?

नाही, आणि या काचेत मला सगळ्यात लोभस वाटते ती हीच गोष्ट. करडा, मातकट झालेला मणी पुन्हा ऑक्सिजनयुक्त ज्योतीत लाल होईस्तोवर तापवला की पृष्ठभागावरची धातूची चांदी पुन्हा आयन होऊन काचेत विरघळते. चमक जाते, मणी कोरा होतो आणि पहिल्यापासून सुरुवात करता येते. मात्र हे कितीही वेळा चालतं असं नाही. प्रत्येक फेरीत पृष्ठभाग थोडा बदलत जातो, काही कांड्या दोन-तीन फेऱ्यांनंतर गढूळ होतात. शिवाय पुन्हा तापवताना कडेचे नाजूक ठिपके पसरतात ते वेगळंच.

काहीच रंग आला नाही तर तीन कारणं आधी तपासा. ज्योत खरोखर रिड्युसिंग होती का, मणी फार थंड किंवा फार गरम असताना ज्योतीत नेला का, आणि चांदीच्या काचेचा थर घडवताना फार पातळ पसरला का. पहिलं कारण बाकी दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त वेळा निघतं.

स्ट्राइकिंग काच म्हणजे हीच का?

जवळची नातलग, पण तिला वेगळी वागणूक लागते. स्ट्राइकिंग काचेतही चांदी असते. तिथे रंग पृष्ठभागावर नाही, काचेच्या पोटात उगवतो. आधी काच खूप तापवून चांदी पुरती विरघळवायची, मग मणी थंड होऊ द्यायचा, म्हणजे आत कणांची बीजं पडतात, आणि मग मंद आचेवर पुन्हा तापवून ती बीजं वाढवायची. कण वाढतील तसा रंग पिवळ्यापासून लालसर, जांभळा, निळा, हिरवा असा सरकत जातो. स्ट्राइकिंग काचेत तापमानाचा चढउतार महत्त्वाचा, रिडक्शनच्या काचेत ज्योतीतले वायू महत्त्वाचे. डबल हेलिक्स या अमेरिकी उत्पादकाच्या कांड्यांत ट्रायटन आणि सायकी या रिड्युसिंग, तर टेरा आणि खाओस या स्ट्राइकिंग गणल्या जातात. जर्मनीतल्या राइशेनबाखची राकू नावाने ओळखली जाणारी तपकिरी कांडीही तापमानाच्या खेळाने जांभळी-निळी होते. काही कांड्या दोन्ही स्वभावांच्या असतात, आत रंग उगवतो आणि वर चमक चढते. कांडी कोणत्या जातीची हे माहीत नसताना नुसतं रिडक्शन देत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

हा वरवरचा मुलामा आहे, घासून निघेल, ही शंका

ही शंका रास्त आहे, कारण बाजारात चकचकीत थर चढवलेले मणी खरोखरच असतात आणि त्यांचा थर झिजतो. इथली चांदी बाहेरून लावलेली नसते. ती काचेतूनच आली आणि बहुतांशी काचेच्या पृष्ठभागाच्या आतच राहिली. याला मोठा पुरावा मातीच्या भांड्यांत सापडतो. नवव्या शतकात इराकमध्ये अब्बासी काळातल्या कुंभारांनी झिलईवर चांदी आणि तांब्याची संयुगं लावून, भट्टीत ऑक्सिजन कमी करून लस्टरची, म्हणजे धातूसारखी चमकणारी भांडी केली. त्यांची चमक हजार वर्षं टिकली आहे. आज त्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर धातूच्या नॅनोकणांचा थर झिलईच्या अगदी वर उघडा नसतो, त्याच्यावर काचेचं अतिशय पातळ आवरण असतं.

तरीही एक सांगितलं पाहिजे. फार रिडक्शन दिलेल्या, आरशासारख्या मण्यावर चांदी पृष्ठभागाशी बरीच उघडी असते. चांदीला गंधकाचं वावडं आहे, दागिने काळे पडतात तेही त्यामुळेच. असा मणी रोज अंगावर घालायचा असेल तर पारदर्शक काचेखाली झाकणं बरं.

झाकण्याचं तंत्र

रिडक्शन झालेल्या भागावर पारदर्शक काच चढवली की चमकेपर्यंत ज्योतीतला ऑक्सिजन पोचत नाही. त्यामुळे ती टिकते, शिवाय भिंगाखाली धरल्यासारखी खोल दिसते. अडचण अशी की पारदर्शक काच नीट बसवायची तर ती भरपूर गरम हवी, आणि खालचा थर मात्र फार तापू देता येत नाही, नाहीतर चमक विरघळते. यावर उपाय म्हणजे कांडीचं टोक चांगलं वितळवायचं, मणी ज्योतीच्या जरा खाली फक्त ऊबेत ठेवायचा आणि पट्ट्या शेजारी शेजारी ओढत न्यायच्या. दोन पट्ट्यांमध्ये फट राहिली की तिथे हवा अडकते आणि रुपेरी बुडबुडा होतो. मग तो काढायला तापवावं लागतं आणि तापवलं की चमक जाते. म्हणून पट्ट्या कडेला कडा लागून पडल्या पाहिजेत. पारदर्शक काच निवडतानाही काळजी घ्या, कारण काही काचा चांदीच्या संगतीने पिवळट होतात. चर्चच्या खिडक्यांचा पिवळा रंग ज्या कारणाने येतो तेच कारण इथे नको तिथे काम करतं.

शेजारच्या रंगांचं काय होतं?

रिड्युसिंग ज्योत फक्त चांदीला निवडून गाठत नाही. मण्यावर शिसं असलेली काच असेल तर ती करडी-काळी पडते. तांब्याने रंगलेल्या फिरोजी काचेवर विटकरी पापुद्रा येऊ शकतो. हस्तिदंती काच रिडक्शनशिवायही चांदीशी भांडते आणि दोघींच्या सीमेवर काळसर तपकिरी रेघ उमटते. कुणाला ती रेघ हवीच असते आणि तिचा सुंदर वापर होतो. पण अनपेक्षित आली तर सगळी नक्षी बिघडते. मी चांदीच्या काचेशेजारी काळी, गडद जांभळी आणि साधी पारदर्शक यापलीकडे सहसा जात नाही. त्याने ज्योतीपाशी डोकं शांत राहतं.

लहान टॉर्चवर हे जमेल का?

जमतं, मर्यादा ओळखून. ज्या टॉर्चला वेगळा ऑक्सिजन लागत नाही, जो आजूबाजूची हवा ओढतो, त्याची ज्योत मुळात थोडी अर्धपोटी असते. त्याच्यावर चमक आणणं सोपं आणि चमक न येऊ देता मणी घडवणं अवघड. तेव्हा घडवताना ज्योतीच्या लांबच्या भागात काम करायचं आणि शेवटी रिडक्शनसाठी जवळ यायचं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्याचा पुरवठा मिनिटाला ठरावीक लिटरच असतो आणि शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपास. मोठा मणी करताना प्रोपेन वाढवला की ऑक्सिजन आपोआप अपुरा पडतो आणि न मागितलेलं रिडक्शन सुरू होतं. अशा वेळी ज्योत लहान करून थोडं धीराने काम करणं हाच मार्ग.

हवा खेळती ठेवा

रिड्युसिंग ज्योतीत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हे वर ओघात आलं. इथे ते पुन्हा आणि ठासून सांगतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं जड होणं, मळमळणं ही त्याची चिन्हं दमल्यासारखी वाटतात, म्हणून माणूस काम करत राहतो. उघडी खिडकी पुरेशी नाही. टॉर्चच्या वरच्या बाजूला धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा हवा, ताजी हवा पाठीमागून आत येण्याची वाट हवी आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. हे नसेल तर चांदीची काच बाजूला ठेवावी. पेटवताना आधी प्रोपेन, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग प्रोपेन.

भट्टीत ठेवताना

मऊ १०४ काचेचं अनीलिंग साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअसला होतं. मण्याच्या जाडीप्रमाणे तिथे पुरेसा वेळ ठेवून मग तापमान हळूहळू उतरवायचं. रिडक्शनची चमक या तापमानाला सहसा टिकते. स्ट्राइकिंग काच मात्र भट्टीतही सरकत राहते. सकाळी ठेवलेला मणी संध्याकाळी वेगळ्या छटेचा निघू शकतो, म्हणून तिला गरजेपेक्षा जास्त वेळ गरम भट्टीत ठेवू नये.

नवी कांडी आली की तिचा मोठा, नक्षीदार मणी करायला घेऊ नका. काळ्या पायावर छोटे छोटे मणी करा. एकाला रिडक्शन अजिबात देऊ नका, एकाला एकच फेरी, एकाला तीन, एकाला करडा होईपर्यंत, आणि एकावर चमक आल्यावर पारदर्शक काच चढवा. चाव्यांची स्थिती आणि मणी टॉर्चच्या तोंडापासून किती लांब धरला होता, हे प्रत्येकाच्या चिठ्ठीवर लिहून मणी दोऱ्यात ओवा आणि कांडीच्या पुड्यालाच बांधून ठेवा.